सासूबाईंना डास ‘लागत’ नाहीत, म्हणजे नेमकं काय?

पत्र

डॉक्टरताई, नमस्कार. माझं माहेर कोल्हापूर, सासर वेंगुर्ल्याजवळ, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर. लग्नानंतर पुण्यात होतो. गेल्या मे महिन्यात, सासूबाई एकट्या पडल्या म्हणून इथे राहायला आलो. मुलगा साडेतीन वर्षांचा आहे. त्याला डास चावला की लगेच रुपयाएवढी गांध उठते, दुसऱ्या दिवशी ती टणक होते, आणि खाजवून खाजवून तो रक्त काढतो. सासूबाई त्याच पडवीत बसतात, त्यांना काही होत नाही. म्हणतात, "आमका ल्हानपणापासून डास चावतत, म्हणान अंगात ताकद इली. तेका पण चावांदेत." मी मच्छरदाणी लावली की "पोराक काचेच्या कपाटात ठेवतंस" असं ऐकावं लागतं.

त्यात मिस्टरांनी मोबाइलवर एक व्हिडिओ दाखवला. शास्त्रज्ञांनी उंदरांना रोगाचे जंतू नसलेले कीटक चावू दिले, नंतर रोग दिला, तर ते उंदीर बचावले म्हणे. आता घरात दोघं एका बाजूला आणि मी एकटी. (मिस्टर गोव्यात बांधकामावर सुपरवायझर आहेत, शनिवारी घरी येतात. गणपतीनंतर त्यांना हिवताप झाला होता, पण तीन दिवसांत ताप उतरला म्हणून उरलेल्या गोळ्या त्यांनी घेतल्या नाहीत.) सासूबाईंच्या माहेरी, दोडामार्गाकडे, काजू आहे. फेब्रुवारीत मुलाला तिकडे घेऊन जायचं म्हणतायत. आमच्या आत्येसासूबाईंना हत्तीपाय आहे, सासूबाईंना मात्र काही नाही, हाही त्यांचा पुरावा. डास चावून खरंच प्रतिकारशक्ती येते का? मी मुलाला नाजूक करते आहे का?

एक सून, वेंगुर्ले तालुका

उत्तर

सूनबाई, तुमच्या पत्रातलं सगळ्यात काळजीचं वाक्य तुम्ही कंसात घातलंय. त्याकडे येतेच. पण आधी घरातलं भांडण घेते, कारण ते मिटल्याशिवाय तुमचं लक्ष कंसाकडे जायचं नाही.

सासूबाईंनी जे पाहिलं ते खरं आहे. त्याच पडवीत, त्याच डासांनी चावूनही त्यांना गांध उठत नाही, खाज येत नाही. यात थाप नाही, आणि त्यांची कातडी जाड आहे असंही नाही. आपल्याला मादी डास चावते. तिची सोंड म्हणजे सहा अतिबारीक सुयांची जुडी असते. एका सुईतून ती आपल्या अंगात लाळ सोडते, दुसऱ्या वाटेनं रक्त ओढते. त्या लाळेत रक्त गोठू न देणारी आणि बारीक रक्तवाहिन्या सैल करणारी प्रथिनं असतात. आपल्याला येणारी खाज ही सुई टोचल्याची नसते. आपल्या शरीरानं त्या परक्या लाळेवर धरलेला तो राग असतो.

हा राग कसा चढतो आणि कसा उतरतो, हे केनेथ मेलनबी नावाच्या ब्रिटिश कीटकशास्त्रज्ञानं १९४६ साली पायऱ्यांनी मांडलं. ज्याला त्या डासाची लाळ कधीच लागलेली नाही त्याला पहिल्या चाव्यांनंतर काहीच होत नाही. मग काही दिवसांनी अशी वेळ येते की चावल्यावर लगेच काही दिसत नाही, पण दुसऱ्या दिवशी टणक फोड येतो. तिसऱ्या पायरीवर लगेच गांध उठते आणि दुसऱ्या दिवशी फोडही येतो. तुमचा मुलगा आज इथे आहे. चौथ्या पायरीवर लगेचची गांध उरते, दुसऱ्या दिवसाचा फोड जातो. आणि खूप वर्षं, खूप चावे खाल्ल्यावर पाचवी पायरी येते: काहीच होत नाही. सासूबाई पाचव्या पायरीवर बसून तिसऱ्या पायरीवरच्या नातवाला हाका मारतायत. कुणाला किती दिवस लागतील हे सांगता येत नाही. शिवाय एका जातीच्या डासाची सवय दुसऱ्या जातीच्या डासाला लागू पडेलच असं नाही.

ही पाचवी पायरी मी स्वतः गाठलेली आहे, म्हणून जरा अधिकारानं बोलते. मी साताऱ्याची. नोकरीत पहिली नेमणूक झाली ती कोकणात, खाडीकाठच्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात. पहिल्या पावसाळ्यात माझे हात असे सुजायचे की बाह्यरुग्ण विभागात आलेल्या बायका मलाच औषध सुचवायच्या. तिसऱ्या पावसाळ्यात खाज गेली. मला वाटलं, झाले मी कोकणी! मच्छरदाणी गुंडाळून कपाटावर टाकली, कारण तिच्यात उकडायचं. भाद्रपदात एका दुपारी रुग्ण तपासताना दात वाजायला लागले. आमच्या प्रयोगशाळा तंत्रज्ञांनी माझ्या बोटातून रक्त काढून काच केली, दुर्बिणीखाली धरली आणि काही न बोलता स्टूल माझ्याकडे सरकवलं. लाल पेशींच्या आत व्हायवॅक्सचे, म्हणजे हिवतापाच्या एका जातीच्या जंतूचे, ते वेडेवाकडे ठिपके मी तोवर शेकडो लोकांच्या रक्तात पाहिले होते. त्या दिवशी स्वतःच्या रक्तात पाहिले. अंगाला डासांची सवय झाली होती. डासातून येणाऱ्या जंतूची कोणतीच ओळख झालेली नव्हती.

खाज गेल्याचं एक उलटं नुकसानही होतं. आपल्याला चावतायत हेच कळत नाही. मूल रडून तुम्हाला सांगतं की पडवीत डास आहेत, सासूबाईंना कुणी सांगत नाही.

आता तुमच्या मिस्टरांच्या व्हिडिओकडे. तोही खोटा नाही, हे ऐकून तुम्हाला वाईट वाटेल. ज्या संशोधनावर असे व्हिडिओ बनतात ते मोठं नामी आहे, आणि मला त्याबद्दल बोलायला आवडतं, तेव्हा थोडं सहन करा.

समजा, घरावर राखणीचा कुत्रा आहे. चोर येतो तो कुत्र्यापुढे सुक्या बांगड्याचा तुकडा टाकतो. कुत्रा तो चघळत बसतो आणि चोर आत शिरतो. कीटकाची लाळ हा असा बांगडा आहे. ती चाव्याच्या जागी शरीराच्या राखणदार पेशींचं लक्ष दुसरीकडे वळवते आणि तेवढ्यात जंतूला वाट मिळते. १९८८ साली अमेरिकेत टायटस आणि रिबेरो या दोघांनी हे उंदरांत दाखवून दिलं. लिश्मानिया नावाचा परजीवी वाळूमाशीतून पसरतो. त्याचे नुसते जंतू उंदराला टोचले तर रोग बेताचा होतो. त्यात वाळूमाशीच्या लाळग्रंथींचा किंचित अर्क मिसळला तर तोच रोग कितीतरी पट फोफावतो.

मग २००० साली शादेन कामहावी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उलटा प्रयोग केला. उंदरांना आधी जंतू नसलेल्या वाळूमाश्या चावू दिल्या. त्यानंतर जंतू असलेल्या माश्या सोडल्या. आश्चर्य म्हणजे या उंदरांवर रोगाचा जोर चालला नाही. कुत्र्याला आता बांगड्याचा वास माहीत झाला होता. वास आला की तो तुकड्याकडे न जाता भुंकून अख्खी वाडी उठवत होता, आणि त्या गडबडीत चोर अंगणातच सापडत होता. म्हणजे शरीर लाळेविरुद्ध तयार झालं आणि लाळेसोबत आलेला जंतूही त्यात भरडला गेला. तुमच्या मिस्टरांनी पाहिला तो हाच प्रयोग असावा.

वाळूमाशी म्हणजे आपल्या खाजणातली, संध्याकाळी वेळेवर पाय फोडून काढणारी मुरकुटं नव्हेत, ती जात वेगळी. वाळूमाशी काळा आजार पसरवते, आणि तो बिहार-झारखंडाकडचा रोग आहे. ही माशीच तो पसरवते हे सिद्ध करायला आपल्या देशातल्या संशोधकांना किती वर्षं झुंजावं लागलं! प्रयोगशाळेत एकदा रक्त पाजलेल्या माश्या पुन्हा चावेपर्यंत जगेनात, आणि जगल्या तरी त्यांच्यातले जंतू वाढेनात. शेवटी पहिल्या रक्तानंतर त्यांना मनुका खायला दिल्या तेव्हा गाडं पुढे सरकलं, आणि १९४२ साली स्वामीनाथ, शॉर्ट आणि अँडरसन यांनी त्या माश्यांच्या चाव्यातून स्वयंसेवकांना काळा आजार होतो हे दाखवलं. मनुका नसत्या तर किती वर्षं गेली असती कोण जाणे. असो, विषय सोडला.

तर कामहावींचा निकाल पाहून सगळे खूश झाले, पण तो सगळीकडे चालेना. ब्राझीलमधल्या एका वेगळ्या जातीच्या वाळूमाशीच्या लाळेची उंदरांना आधी सवय करून दिली, तर २००७ साली दिसलं की तिथल्या लिश्मानियाचा रोग उलट जास्त बिघडतो. कुत्रा तोच, पण बांगडाही वेगळा आणि चोरही वेगळा. कोणती माशी, कोणता जंतू आणि कोणता प्राणी, या तिन्ही गोष्टी जुळाव्या लागतात.

आपल्याला घ्यायचंय ते डासाचं. हिवतापाबद्दल २००७ साली असाच एक प्रयोग उंदरांवर झाला: जंतू नसलेले ॲनोफिलिस डास आधी चावले तर नंतरचा हिवताप सौम्य झाला. पण २०१० साली दुसऱ्या संशोधकांनी पुन्हा काळजीपूर्वक पाहिलं, तर त्यांना लाळेचा किंवा लाळेविरुद्धच्या प्रतिकाराचा काहीच परिणाम सापडला नाही. याचं एक कारण समजण्यासारखं आहे. लिश्मानिया चाव्याच्या जागीच कातडीत मुक्काम ठोकतो. हिवतापाचा जंतू अंगणात थांबत नाही. एका चाव्यात साधारण १० ते १०० जंतू कातडीत पडतात, त्यातले जमतील तेवढे रक्तात घुसून सरळ यकृत गाठतात. कुत्रा भुंकून वाडी उठेपर्यंत चोर माजघरात जाऊन कणगीत लपलेला असतो. तिथे एकाचे हजारो होतात आणि मग रक्तात उतरतात. ताप येतो तो तेव्हा.

एक गोष्ट मात्र सासूबाईंच्या बाजूची आहे, ती लपवणं बरं नव्हे. २०१३ साली इंग्लंडमधल्या संशोधकांनी दाखवलं की उंदरांचा हिवताप सुईनं रक्तातून रक्तात देत राहिलं तर तो फार उग्र होतो, आणि तोच जंतू एकदा डासाच्या पोटातून फिरवून आणला तर शरीराला तो जास्त चांगला आवरता येतो. म्हणजे डास हा नुसता हमाल नाही. जंतू आणि आपली प्रतिकारशक्ती यांच्या झटापटीत त्याचाही हात असतो. पण यात जंतू अंगात शिरतोच, ही फुकटची ताकद नव्हे.

जंतूंविरुद्धची प्रतिकारशक्ती जंतूच्या ओळखीतूनच येते. १९७०च्या दशकात अमेरिकेत डेव्हिड क्लाइड यांनी स्वयंसेवकांना हिवतापाचे जंतू असलेले डास चावू दिले, मात्र आधी त्या डासांवर क्ष-किरण सोडून आतले जंतू लुळे केले. त्यातून खरोखर संरक्षण मिळालं. पण नंतरच्या अनुभवावरून दिसलं की असं भरवशाचं संरक्षण यायला एका माणसाला हजाराहून जास्त चावे लागतात, तेही सगळे जंतू असलेल्या डासांचे. पडवीतल्या डासांचे हजार चावे खाऊन तुमच्या मुलाला हजार खाजरे फोड मिळतील, दुसरं काही नाही. आफ्रिकेत हिवतापानं गांजलेल्या गावांतही शंभर डासांत एखाद-दुसऱ्याच्याच लाळेत जंतू असतात. आपल्याकडे त्याहून पुष्कळ कमी. आणि तो एखादा आला तर तो लुळे जंतू घेऊन येत नाही.

त्या गावांमध्ये मोठ्या माणसांना हिवताप सौम्य होतो हे खरं आहे. लहानपणापासून दरवर्षी ताप काढत त्यांना ती अर्धीमुर्धी प्रतिकारशक्ती येते. पण ती येईपर्यंतची किंमत पोरं देतात. आफ्रिकेत हिवतापानं मरणाऱ्यांत बहुतेक पाच वर्षांखालची मुलं असतात. शिवाय ती टिकत नाही. माणूस काही वर्षं परदेशी राहून परतला की पुष्कळशी गेलेली असते. कोकणात हिवताप एवढा सतत नाही की कुणाच्या अंगात ती साठावी, आणि नाही हे आपलं नशीब. सासूबाईंना हिवताप झाला नसेल तर तो त्यांच्या अंगच्या ताकदीमुळे नसून, त्यांना चावलेल्या डासांनी त्याआधी हिवतापाच्या रुग्णाचं रक्त प्यायलेलं नव्हतं म्हणून.

आणि म्हणूनच तो कंस.

तुमचे मिस्टर आठवड्यातले पाच-सहा दिवस गोव्यात बांधकामावर असतात. देशभरातून आलेले मजूर, सिमेंट भिजवायला साठवलेलं पाणी, उघड्या टाक्या. हिवताप पसरवणारा ॲनोफिलिस स्टिफेन्सी हा डास अशाच स्वच्छ साठवलेल्या पाण्यात आणि विहिरींत अंडी घालतो. त्यांना गणपतीनंतर जो हिवताप झाला तो बहुधा व्हायवॅक्स असणार, पण बहुधावर थांबू नका, त्या वेळचा तपासणीचा कागद शोधा. व्हायवॅक्सचं औषध दोन भागांत असतं. पहिल्या तीन दिवसांच्या क्लोरोक्विननं रक्तातले जंतू मरतात आणि ताप उतरतो. पण काही जंतू यकृतात झोपून राहतात. त्यांना मारायला १४ दिवस प्रायमाक्विन असतं. ताप उतरला म्हणून गोळ्या थांबवणाऱ्यांना मी पंचवीस वर्षं ओरडत आले आणि तरी दर पावसाळ्यात चार जण सापडायचेच, त्यामुळे तुमच्या मिस्टरांवर माझा विशेष राग नाही. फक्त एवढं समजून घ्या: ते झोपलेले जंतू आठवड्यांनी, कधी महिन्यांनी जागे होतात. नवा डास न चावताही ताप पुन्हा येतो.

त्यात तुमच्या मुलाचा संबंध असा. व्हायवॅक्सच्या रुग्णाच्या रक्तात डासाला लागण करणारे जंतू फार लवकर दिसू लागतात, कधी ताप जाणवायच्या आधीच. शनिवारी रात्री मिस्टर पडवीत उघड्यावर झोपले, त्यांना ॲनोफिलिस चावली, तर दहा-पंधरा दिवसांत ती मादी दुसऱ्याला रोग द्यायला तयार होते. सासूबाई ज्याला ताकद देणारा डास समजून नातवाला चावू देतील तो तीच असू शकते. पडवीत बसून कोणता डास कोरा आणि कोणता भरलेला हे ओळखायची सोय देवानं दिलेली नाही.

तेव्हा या शनिवारीच त्यांना आरोग्य केंद्रात न्या. ‘ताप नाही, मग कशाला’ असं ते म्हणतील. डॉक्टरांना सांगा की गोळ्या अर्धवट राहिल्या. रक्त तपासून, आणि जीसिक्सपीडी नावाच्या एन्झाइमची कमतरता नाही ना हे पाहून, पूर्ण कोर्स द्यायचा का ते डॉक्टर ठरवतील. ती कमतरता असलेल्या माणसाला प्रायमाक्विननं रक्तपेशी फुटण्याचा त्रास होऊ शकतो, म्हणून घरात उरलेल्या गोळ्या आपल्या मनानं गिळायच्या नाहीत. आणि इथून पुढे घरात कुणालाही ताप आला, मुलाला तर नक्कीच, की त्याच दिवशी काच. आशाताईंकडे झटपट तपासणीचं किट असतं, सरकारी केंद्रात तपासणी आणि औषध फुकट मिळतं. ‘पावसाचा ताप असेल’ म्हणून दोन दिवस वाट बघू नका.

काजूच्या बागेचं उत्तर सोपं आहे: या हंगामात मुलाला नेऊ नका. दोडामार्ग-सावंतवाडीच्या पट्ट्यात २०१६पासून माकडतापाचे रुग्ण सापडत आले आहेत. हा १९५७ साली कर्नाटकातल्या शिमोगा जिल्ह्यात क्यासनूर जंगलात प्रथम ओळखला गेलेला विषाणू. तो गोचिडीतून येतो आणि डिसेंबर ते मे, म्हणजे नेमका काजूच्या वेळी जोर धरतो. सगळ्यात धोका असतो तो गोचिडीच्या पिल्लांचा, ती खसखशीएवढी असतात आणि चावलेली कळतही नाहीत. सासूबाईंनी जावं, पण पूर्ण बाह्यांचे कपडे, पायमोजे, आरोग्य खात्याकडून मिळणारं अंगाला लावायचं तेल आणि घरी आल्यावर गरम पाण्यानं आंघोळ, कपडे वेगळे. बागेत माकड मेलेलं दिसलं तर हात न लावता लगेच आरोग्यसेवकाला कळवायचं.

गंमत म्हणजे गोचिडीच्या बाबतीत ‘चावून ताकद येते’ हे बरंचसं खरं निघालंय, फक्त माणसात नव्हे. १९३९ साली विल्यम ट्रेगर यांनी पाहिलं की गिनीपिगला एकदा गोचिड्या चावल्या की पुढच्या वेळी त्या नीट रक्त पिऊ शकत नाहीत, उपाशी गळून पडतात. २०२१ साली अमेरिकेत गोचिडीच्या लाळेतल्या प्रथिनांवर लस करून गिनीपिगना दिली, तर चाव्याची जागा लाल झाली आणि गोचिड्या लवकर गळाल्या. सासूबाईंना हे पटेल, कारण गावठी गाय आणि जर्सी एका गोठ्यात बांधली तर गोचिड्या कुणावर जास्त चढतात हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं असणार. गावठी जनावराचं अंग गोचिडीला धरू देत नाही. पण या जोरावर माणसानं माकडतापाच्या बागेत उघड्या पायांनी फिरावं, असं म्हणायला माझी जीभ धजणार नाही. (गोचीड हा कीटक नव्हे, तिला आठ पाय असतात, ती कोळ्याच्या घराण्यातली. नातवाला मोजून दाखवा, चित्रातली.)

आत्येसासूबाईंचा पाय. हत्तीरोगाच्या अळ्या क्युलेक्स डासाच्या सोंडेवरून कातडीवर उतरतात आणि चाव्याच्या भोकातून आत सरपटत जातात. एखाद्या चाव्यानं तो रोग सहसा जडत नाही, महिनोन् महिने, शेकडो चावे लागतात. आत गेलेले जंत वर्षानुवर्षं जगतात, कारण ते आपल्या प्रतिकारशक्तीला गप्प बसवतात. म्हणून अंगात जंत असलेली कितीतरी माणसं दिसायला ठणठणीत असतात. एकीचा पाय सुजला आणि दुसरीचा नाही, यावरून दुसरी ताकदवान ठरत नाही. ती बिनजंतांची असेल किंवा गप्प जंतांची. हे रात्रीच्या रक्तनमुन्यातून कळतं, कारण पिल्लं जंत रात्रीच वरच्या रक्तात येतात. आरोग्य कर्मचारी रात्री दहानंतर दारात आले तर त्यांना भूत समजू नका, बोट पुढे करा. हत्तीरोगाच्या गोळ्यांची मोहीम आली तर सगळ्यांनी गोळ्या कर्मचाऱ्यासमोर गिळायच्या. दोन वर्षांखालची मुलं, गरोदर बाई आणि गंभीर आजारी माणूस यांना त्या देत नाहीत. आत्येसासूबाईंनी पाय रोज साबणानं धुऊन बोटांच्या बेचक्या कोरड्या ठेवल्या, चीर पडली तर लगेच उपचार घेतले, तरी अधूनमधून येणारा ताप आणि सूज पुष्कळ कमी होते.

मुलाच्या गांधींना थंड पाण्याची पट्टी, कॅलामाइन, नखं कापून बारीक ठेवणं. फारच खाज असेल तर वजनाप्रमाणे खाजेचं औषध डॉक्टरांना विचारून. चुना लावू नका, आधीच फुटलेल्या कातडीवर तो पोळतो. सोडणाची धुरी मूल झोपतं त्या खोलीत नको. मच्छरदाणी हवीच, कीटकनाशक लावलेली मिळाली तर उत्तम, आणि कडा गादीखाली खोचलेल्या. शनिवारी मिस्टरांनाही मच्छरदाणीतच झोपवा, आता कारण कळलंच आहे. परसातल्या करट्या उपड्या करा, विहिरीत गप्पी मासे सोडायला आरोग्यसेवकाला सांगा, शौचालयाच्या हवेच्या नळीला जुन्या साडीचं फडकं बांधा. क्युलेक्सची पैदास तिथून होते.

मूल नाजूक होईल ही भीती सोडा. मातीत खेळू दे, पुळणीवर पळू दे, विहिरीच्या पाण्यानं न्हाऊ दे. खाज त्याची आपोआप कमी होत जाईल, मच्छरदाणी असली तरी संध्याकाळी चार डास त्याला गाठणारच. लाळेवर बेतलेल्या लशीची पहिली मानवी चाचणी झाली आहे, तिचे निकाल २०२० साली छापून आले, पण ती बाजारात नाही. हिवतापाची आर-ट्वेंटीवन ही लस पुण्यातल्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये तयार होते आणि २०२३ साली जागतिक आरोग्य संघटनेनं तिची शिफारस केली, पण ती जाते आफ्रिकेतल्या मुलांना, आपल्याकडच्या नियमित लसीकरणात ती नाही. आणि तीसुद्धा डासाच्या लाळेवर नाही, जंतूच्या अंगावरच्या प्रथिनावर बेतलेली आहे.

सासूबाईंशी बोलताना ‘तुमचं चुकतंय’ असं सुरू करू नका. म्हणा, "आई, तुमच्या अंगाला डासाची सवय झाली हे डॉक्टरांनी मान्य केलंय, पुस्तकात तसं आहे म्हणाल्या." हे ऐकून त्या शेजारच्या दोन घरांत जाऊन येतील, जाऊ दे. परतल्या की दुसरं वाक्य: "पण ह्यांच्या रक्तात गोव्याचा ताप लपलाय का ते बघायचं आहे, तोवर पोराला मच्छरदाणीत घेऊ." नातवाच्या नाजूकपणापेक्षा लेकाचा लपलेला ताप त्यांना लवकर पटेल. मच्छरदाणीला भोकं पडली असतील तर ती शिवायला त्यांच्याकडेच द्या.

मिस्टर आरोग्य केंद्रात जातील तेव्हा जुन्या गोळ्यांचं पाकीट आणि तपासणीचा कागद सोबत न्यायला सांगा. पाकिटात किती गोळ्या उरल्यात ते मोजून डॉक्टरांना खरं सांगायचं, लाजायचं नाही. काच काय निघाली ते मला कळवा.